मूकपटांच्या चाहत्यांची शंभर वर्षांपूर्वीची पत्रं घरबसल्या कशी शोधायची आणि कशी वाचायची

१९१० च्या आधी अमेरिकेतल्या बायोग्राफ कंपनीच्या पिक्चरमध्ये नटनट्यांची नावं पडद्यावर यायचीच नाहीत, कंपनी ती मुद्दाम लपवायची, तरी लोक पत्रं पाठवायचे. नाव माहीत नाही म्हणून नुसतं 'बायोग्राफ गर्ल'ला. ती होती फ्लॉरेन्स लॉरेन्स, आणि १९१० मध्ये निर्माता कार्ल लेमलेनं तिला आपल्या कंपनीत ओढून तिचं नाव जगजाहीर केलं, त्यामागे हे असं निनावी प्रेमच होतं. सिनेमाच्या इतिहासात निर्माते बोलतात, स्टार बोलतात, समीक्षक बोलतात, पण पाच सेंट देऊन अंधारात जाऊन बसलेल्या माणसाला काय वाटलं हे कळायच्या जागा फार कमी आहेत आणि ही पत्रं त्यातली सगळ्यात जिवंत जागा आहे असं मला मनापासून वाटतं.

चांगली गोष्ट म्हणजे यातली हजारो पत्रं आज मोबाईलवर फुकट वाचता येतात, फक्त कुठं बघायचं, काय टाईप करायचं आणि वाचताना कशावर किती विश्वास ठेवायचा हे माहीत पाहिजे. तेच इथं जरा तपशिलात सांगते.

पायरी १ : पत्रं कुठं छापून यायची ते आधी बघा

पाकिटातली मूळ पत्रं बहुतेक गेली, स्टुडिओंनी ती जपून ठेवली नाहीत. थोडीफार मोठ्या कलाकारांच्या कागदपत्रांबरोबर राहिली, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बेव्हरली हिल्सच्या मार्गारेट हेरिक लायब्ररीत मेरी पिकफोर्डची कागदपत्रं आहेत तशी, पण तिथं जाणं आपल्यापैकी किती जणांना जमणार. आपल्या हाती लागतात ती मासिकांत छापलेली पत्रं.

तीन-चार नावं लिहून ठेवा. 'मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन' फेब्रुवारी १९११ मध्ये सुरू झालं, व्हायटाग्राफ कंपनीचा जे. स्टुअर्ट ब्लॅकटन आणि संपादक यूजीन ब्रूस्टर यांनी काढलेलं, १९१४ मध्ये नावातला 'स्टोरी' गेला. सुरवातीला यात पिक्चरच्या गोष्टी छापायचे, कारण लोकांना बघितलेलं परत वाचायचं असायचं, आणि मग वाचकच इतकं लिहायला लागले की मासिकाला त्यांच्यासाठी जागा करावी लागली. 'फोटोप्ले' पण १९११ चंच, शिकागोचं. त्यात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाचकांच्या पत्रांचं सदर होतं 'ब्रिकबॅट्स अँड बुकेज' नावाचं, म्हणजे शिव्या पण छापू आणि फुलं पण. 'पिक्चर-प्ले' मध्ये 'व्हॉट द फॅन्स थिंक' हे सदर होतं आणि माझ्या मते सुरवात करायची तर इथूनच करा, कारण इथली पत्रं लांब असतात, वाचक एकमेकांना उत्तरं देतात, एका अंकात कुणीतरी एखाद्या नटाची स्तुती केली की पुढच्या दोन-तीन अंकांत त्यावर जुंपते.

'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' आणि 'एक्झिबिटर्स हेरल्ड' ही नावं पण सर्चमध्ये सारखी येतील, ती धंद्याची पत्रकं आहेत, थेटरमालकांसाठी. 'हेरल्ड' मध्ये 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी' नावाचं सदर आहे, त्यात गावोगावचे थेटरमालक कुठला पिक्चर चालला कुठला पडला ते लिहितात. ती चाहत्यांची पत्रं नव्हेत, गल्ल्यावर बसलेल्या माणसाची आहेत, पण त्यातून गावातल्या पब्लिकची नाडी कळते म्हणून फेकून देऊ नका, वेगळ्या यादीत ठेवा.

पायरी २ : लँटर्न उघडा

'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी' नावाचा मोठा प्रकल्प आहे, विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून चालतो, जुन्या सिनेमासिकांची लाखो पानं स्कॅन करून ठेवलीत. त्याच्या सर्च इंजिनाचं नाव लँटर्न. पैसे लागत नाहीत. तुम्ही शब्द टाकला की तो ज्या ज्या पानावर आहे ती पानं दिसतात, आणि पानावर क्लिक केलं की पूर्ण अंक इंटरनेट आर्काइव्हवर उघडतो, तिथं पुस्तकासारखी पानं उलटत वाचता येतं.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे वर्षांची मर्यादा घाला, १९११ ते १९३० इतकी. नाहीतर १९४०-५० ची पानं येऊन गर्दी होते. आणि सर्चमधून थेट एका पानावर उडी मारलीत तरी तिथंच थांबू नका, दोन पानं मागं जाऊन सदर कुठून सुरू होतं ते बघा, कारण सदराच्या डोक्यावर संपादकानं नियम लिहिलेले असतात आणि ते नियम वाचल्याशिवाय खालची पत्रं नीट कळत नाहीत. का, ते पाचव्या पायरीत सांगते.

एक बारीक गोष्ट. आर्काइव्हवर बऱ्याचदा सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधलेला खंड स्कॅन केलेला असतो. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा पान नंबर आणि मासिकावर छापलेला पान नंबर जुळत नाही. तुमच्या नोंदीत छापलेला नंबर आणि अंकाचा महिना लिहा, आणि पानाची लिंक वेगळी.

पायरी ३ : काय टाईप करायचं

इथं जास्तीत जास्त लोक अडकतात. 'फॅन लेटर' असं टाकलं तर जाहिराती आणि गॉसिप येतं, पत्रं फार थोडी, कारण पत्र लिहिणारा आपल्या पत्राला 'फॅन लेटर' कशाला म्हणेल? सर्च अर्थातच इंग्रजीत करायचाय, पण शब्द त्या काळातले वापरा. पिक्चरला तेव्हा 'फोटोप्ले' म्हणायचे, 'स्क्रीन' म्हणायचे, 'शॅडो स्टेज' म्हणायचे. पत्राची सुरवात 'डिअर एडिटर' नं होते, सही 'ॲन ॲडमायरर', 'अ मूव्ही फॅन' किंवा नुसती आद्याक्षरं आणि गावाचं नाव. म्हणून सदराचं नाव अवतरण चिन्हात आणि त्याच्याबरोबर कलाकाराचं आडनाव, ही जोडी सगळ्यात चांगली चालते.

नावांची स्पेलिंगं बदलून बघा. त्या काळचा मोठा स्टार व्हॅलेंटिनो, त्याचं पहिलं नाव कधी 'रुडॉल्फ' तर कधी 'रोडॉल्फ' छापलेलं सापडतं, नुसत्या एका स्पेलिंगवर शोधलंत तर बरीच पत्रं हुकतील. शिवाय ही पानं मशीननं वाचलेली आहेत, दोन-तीन कॉलमची छपाई, शाई पसरलेली, ओळीच्या शेवटी शब्द तोडून हायफन दिलेला, त्यामुळे मशीनला 'पिकफोर्ड' कधीकधी दोन तुकड्यांत दिसतं आणि सर्चला ते सापडतच नाही. यावर एकच इलाज आहे, एकदा सदर सापडलं की त्या वर्षाचे बारा अंक हातानं उलटा. वेळ लागतो, पण ज्या पत्रांसाठी आपण हे सगळं करतोय ती बहुतेक अशीच, शोधत नसताना, बाजूच्या कॉलममध्ये मिळतात.

कविता विसरू नका. 'मोशन पिक्चर स्टोरी मॅगझिन' च्या सुरवातीच्या अंकांत वाचकांनी आपल्या आवडत्या कलाकारांवर रचलेल्या कविता खूप आहेत. कविता म्हणून त्या साध्याच, पण त्या पत्रंच आहेत, यमक जुळवून लिहिलेली, आणि १९११-१३ च्या काळातलं प्रेम बघायचं तर तिथंच बघायला लागतं.

अजून एक शब्द आवर्जून टाका, 'डेफ', म्हणजे कर्णबधिर, १९२८ ते १९३० या वर्षांत. मूकपट कर्णबधिर प्रेक्षकाला बाकीच्यांच्या बरोबरीनं बघता यायचा, पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या वाचायच्या आणि चेहरे वाचायचे. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जाझ सिंगर' आला, दोन-तीन वर्षांत सगळी थेटरं बोलपटांकडे वळली, पाट्या गेल्या आणि या लोकांच्या तोंडावर दार बंद झालं. मूकपटांची सगळ्यात आर्त स्तुती मूकपट मरत असताना झाली आहे, म्हणून ही शेवटची वर्षं घाईत उरकू नका.

पायरी ४ : तारखेचा हिशोब

मासिकाच्या कव्हरवरचा महिना आणि पत्र लिहिल्याचा महिना यात चांगलं दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं. अंक कव्हरवरच्या महिन्याच्या आधीच बाजारात यायचा आणि छपाईला त्याच्याही आधी जायचा. व्हॅलेंटिनो २३ ऑगस्ट १९२६ ला वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेला. त्याच्यावरची पत्रं सप्टेंबरच्या अंकात शोधलीत तर काहीच मिळणार नाही, वर्षअखेरचे अंक आणि पुढं १९२७ चे अंक बघायला लागतात.

उलट बाजूनं पण हिशोब आहे. न्यूयॉर्कमध्ये लागलेला पिक्चर छोट्या गावात पोचायला कित्येक महिने जायचे, तोपर्यंत प्रिंट घासलेली, मधले तुकडे गेलेले, आणि त्या राज्याच्या सेन्सॉरनं वेगळी कात्री लावलेली असू शकते. त्यामुळे दोन वाचक एकाच पिक्चरबद्दल वेगवेगळं बोलत असतील तर लगेच एकाला खोटं ठरवू नका, त्यांनी खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी बघितल्या असतील. संगीत तर प्रत्येक थेटरात वेगळंच, कुठं पूर्ण ऑर्केस्ट्रा, कुठं ऑर्गन, कुठं एकटी पियानोवाली. पत्रात वाद्याचा किंवा वादकाचा उल्लेख आला तर तो शब्द न शब्द उतरवून घ्या, कारण मूकपट तेव्हा ऐकू कसा यायचा हे आज दुसरीकडून कळणं कठीण आहे.

पायरी ५ : वाचताना कशावर विश्वास ठेवायचा

ही पायरी नीट करा, बाकी सगळं यावर उभं आहे.

आधी बक्षिसाचं बघा. 'फोटोप्ले' आपल्या सदरातल्या चांगल्या पत्रांना रोख बक्षिसं द्यायचं, २५, १० आणि ५ डॉलर. म्हणजे काही जण बक्षिसासाठी लिहीत होते, चटपटीत, जरा सजवून. असं पत्र खोटं नसतं, पण संपादकाला काय आवडेल ते ओळखून लिहिलेलं असतं. बक्षीसवाली पत्रं आणि खालची बारीक टाईपातली दोन-चार ओळींची पत्रं वेगळी ठेवून वाचा, मला तरी जास्त खरं त्या बारीक टाईपात सापडतं.

दुसरं, काही पत्रं कार्यालयातच लिहिली गेली असतील का ही शंका ठेवायलाच पाहिजे. पक्की कसोटी नाही, पण काही खुणा आहेत. पत्रात थेटरचं नाव, गाव, बरोबर कोण होतं, कुठल्या प्रसंगाला काय झालं असा बारीक तपशील असेल तर ते खरं असण्याची शक्यता जास्त. नुसतीच गोड विशेषणं आणि त्याच अंकात त्याच कंपनीची पानभर जाहिरात असेल तर समासात प्रश्नचिन्ह टाका.

तिसरं म्हणजे 'आन्सर मॅन' सारखी सदरं. तिथं वाचकाचं पत्र छापतच नाहीत, फक्त उत्तर छापतात, पुढे वाचकाचं टोपणनाव. फोनवर एकाच बाजूचं बोलणं कानावर पडावं तसं ते वाचायला लागतं. उत्तरावरून प्रश्न काय असेल ते स्वतः लिहून काढा, पण नोंदीत 'अंदाज' असं स्पष्ट लिहा. बहुतेक प्रश्न लग्न झालंय का, उंची किती, पत्ता काय असेच असतात, मग मध्येच कुणाला तरी अभिनय आवडल्याचं उत्तरावरून कळतं.

आकड्यांच्या बाबतीत सावध राहा. कुठल्या स्टारला महिन्याला किती हजार पत्रं आली हे आकडे बहुतेक पब्लिसिटी खात्यातून आलेले असतात. आणि आलेलं प्रत्येक पत्र स्तुतीचं नसतं, १९२१ मध्ये चॅप्लिन लंडनला गेला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ७३,००० पत्रं आली असं त्यानं स्वतः लिहिलंय, पण त्यात पैशाची मदत मागणारी पण भरपूर होती. फोटो मागणारी पत्रं तर सगळ्यात जास्त, मासिकं वाचकांना सांगायची की फोटो पाहिजे तर टपालखर्चासाठी पाव डॉलर पाठवा.

आणि या पत्रांत कोण नाही ते पण बघा. ही मासिकं गोऱ्या मध्यमवर्गीय वाचकांची होती, त्यातही बायका आणि तरुण मुली बऱ्याच. १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' चं कौतुक तुम्हाला त्यात भरभरून सापडेल, पण तोच पिक्चर काळ्या लोकांचा इतका भयंकर अपमान करणारा होता की काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेनं गावोगाव निदर्शनं केली. त्या प्रेक्षकांचं म्हणणं ऐकायचं असेल तर 'शिकागो डिफेंडर' सारखी काळ्या समाजाची वर्तमानपत्रं बघायला लागतील. नुसती फॅन मासिकं वाचून 'लोकांना हा पिक्चर आवडला' असं लिहिणं चूक आहे, कुठल्या लोकांना ते लिहा.

पायरी ६ : पिक्चरशी ताडून बघा

पत्रात पिक्चरचं नाव आलं की अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या कॅटलॉगमध्ये ते टाका, प्रदर्शनाची तारीख आणि कथानक मिळतं. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मूकपटांच्या डेटाबेसमध्ये बघा की तो पिक्चर आज शिल्लक तरी आहे का. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये डेव्हिड पीअर्सचा अहवाल काढला, त्यानुसार अमेरिकेत बनलेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात वाचलेत. कारण तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती पेटते, सडते, आणि बोलपट आल्यावर कंपन्यांना जुन्याची किंमत राहिली नाही.

म्हणजे तुम्ही वाचताय त्यातली बरीचशी पत्रं अशा पिक्चरबद्दल आहेत जे आता कुणालाच बघता येणार नाहीत. अशा पत्राला जास्त वेळ द्या. कुठला प्रसंग लक्षात राहिला, प्रकाश कसा होता, नटीनं हात कसा वर केला, थेटरात लोक कुठं गप्प झाले, असं जे काही असेल ते सगळं उतरवा. पिक्चर शिल्लक असेल तर मग तो बघा आणि पत्र परत वाचा, वाचकाला जे दिसलं ते आपल्याला दिसतंय का बघा. अनेकदा दिसत नाही, आणि तिथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

पायरी ७ : आपल्याकडची पत्रं

आता आपला विषय. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थेटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, पण तेव्हा मराठीत अमेरिकेसारखी फॅन मासिकं नव्हती. म्हणून आपल्या प्रेक्षकांची पत्रं सिनेमासिकांत शोधण्याऐवजी रोजच्या आणि साप्ताहिक वर्तमानपत्रांत शोधायची.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट 'संदेश' ची आहे. दादासाहेब फाळके हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी पटेना म्हणून सगळं सोडून काशीला जाऊन राहिले, तिथं 'रंगभूमी' नाटक लिहिलं. 'संदेश' चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना पत्र लिहून परत यायची गळ घातली, त्यावर फाळक्यांनी कळवलं की सिनेमापुरता मी मेलोय. कोल्हटकरांनी ते उत्तर फाळके मेले अशा मथळ्याखाली छापलं. मग वाचकांची पत्रं सुरू झाली, परत या म्हणणारी, आणि कोल्हटकरांनी ते अंक काशीला पाठवून दिले. फाळके परत आले, १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत कामाला लागले. चाहत्यांच्या पत्रांनी माणूस परत आणल्याचं इतकं थेट उदाहरण मला हॉलिवूडमध्ये पण माहीत नाही, आणि ती पत्रं मराठीत लिहिलेली होती.

अशी पत्रं शोधायची तर ग्रंथालयात जाऊन बसायला लागेल, याला लँटर्न नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं ग्रंथालय आहे, १९६४ पासूनची संस्था. केसरी वाड्यात 'केसरी' च्या जुन्या फायली आहेत. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. जाण्याआधी फोन किंवा मेल करून विचारा की अमुक वर्षाच्या फायली बघायला मिळतात का, जुना कागद ठिसूळ असतो, सगळं लगेच हातात देत नाहीत. वर्तमानपत्रात 'पत्रव्यवहार' चं पान गाठा, आणि नजर 'सिनेमाटोग्राफ', 'बायोस्कोप', 'हलती चित्रे' अशा शब्दांवर ठेवा.

घरबसल्या काही पाहिजे असेल तर १९२७-२८ मध्ये सरकारनं सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेल्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या साक्षींचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. टी. रंगाचारियर अध्यक्ष होते, ४,३२५ प्रश्नावल्या वाटल्या, ३५३ साक्षीदार तपासले. ही फॅनची पत्रं नाहीत, पण लेखी निवेदनं आहेत, आणि डग्लस फेअरबँक्सचा 'द थीफ ऑफ बगदाद' आपल्याकडे किती वेड्यासारखा चालला, पौराणिक पिक्चरला कोण गर्दी करायचं हे त्यात आहे. भारतात १३०० च्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले अगदी मोजके शिल्लक आहेत, तेव्हा आपल्याला कागदच वाचायला लागणार.

पायरी ८ : नोंदी आणि शेअर करणं

एक साधी शीट करा. मासिक, छापलेला महिना-वर्ष, छापलेलं पान, लिंक, पत्रात आलेला पिक्चर, कलाकार, लिहिणाऱ्याचं गाव, बक्षीस मिळालं का, पिक्चर शिल्लक आहे का, आणि मूळ इंग्रजी ओळी जशाच्या तशा. भाषांतर वेगळ्या रकान्यात, कारण पहिल्या दिवशी केलेलं भाषांतर पुढं शंभर पत्रं वाचल्यावर बदलावंसं वाटतं.

कॉपीराइटचं म्हणाल तर अमेरिकेत त्या काळी छापलेल्या मासिकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत आहे, म्हणजे १९२० च्या दशकातले अंक तिथं आता मोकळे झालेत, पानाचा फोटो टाकायला हरकत नाही, फक्त मासिकाचं नाव आणि अंक लिहा. काही पत्रांखाली पूर्ण नाव आणि घराचा पत्ता छापलेला असतो. तो माणूस आज नसेल, पण त्या घरात कुणीतरी राहत असेल, त्यामुळे पोस्ट करताना गावापर्यंतच ठेवा, घर नंबर आणि गल्ली झाका.

एका बैठकीत एकाच वर्षाचं एकच सदर घ्या. 'पिक्चर-प्ले' चं १९२८ हे वर्ष सुरवातीला चांगलं, बोलपट दारात आलेले आहेत, मूकपटांचे चाहते अस्वस्थ आहेत आणि वाद रंगायला लागलेत. जानेवारीच्या अंकापासून उलटायला घ्या आणि कुठल्या पत्राला कुणी उत्तर दिलंय ते शीटमध्ये जोडत चला.